पोतलेली भिंत

केशवरावांनी फूटपट्टी भिंतीला टेकवली आणि शेवटच्या चौकोनाची खालची रेघ जमिनीपासून किती वर आहे ते पाहिले. दहा इंच. चौकोनातली बाई कमरेतून वाकलेली होती आणि तिच्या हाताखाली हिरव्या रेघांचा झुपका होता.

“ही अशी वाकली काहून?”

“ते उभीच होती जी गुरुजी,” तुळसा म्हणाली. “पण डोक्स्यावर जागाच नाही उरली. मंग वाकवली. मंग तिच्या हातात परे देले.”

म्हणजे जागा संपली म्हणून तुळसाची आई धानाची रोपे रोवायला लागली होती. केशवराव हसले नाहीत. हसले असते तर आठ वर्षांच्या तुळसाने ओल्या फडक्याने आईला पुसून टाकले असते. त्यांनी मान हलवली, पट्टी खिशात घातली आणि मागे सरून पूर्ण भिंत पाहिली.

भिंत बावीस फूट लांब आणि नऊ फूट उंच होती. मोहाडी गावातल्या सोसायटीचे हे जुने धानाचे कोठार नवे कोठार झाल्यापासून रिकामे पडले होते. ड्रॉइंग मास्तर म्हणून एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाल्यावर केशवरावांनी ते मागून घेतले होते. मागच्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी इथे चित्रघर भरे. रंग विकत आणायचे नाहीत असे पहिल्याच दिवशी ठरले. गेरू, कोळसा, कपड्यांची नीळ, हळद, पळसाची फुले उकळून काढलेला केशरी, सगळ्यात बाभळीचा डिंक, आणि शिंदीच्या काड्या ठेचून केलेले कुंचले. विषयही एकच दिला होता: आपल्या घरातले एक माणूस काम करताना काढायचे. एक्केचाळीस मुलांनी सहा महिन्यांत भिंतीवर एक्केचाळीस माणसे काढली. त्यांतल्या अठ्ठावीस बाया होत्या. मोहाडीत कोण काम करते ते मोजायला दुसरा कागद नको होता.

समोरच्या बाजूला शिंदीची लांब चटई अंथरलेली असे. ती मोठ्यांसाठी होती. भंडाऱ्याच्या कचेरीला केलेल्या अर्जात केशवरावांनी “मुले व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी कलाकेंद्र” असे लिहिले होते आणि ते मनापासून लिहिले होते. चटईवर आजवर कोणी बसले नव्हते. बाया मुलांना दारापर्यंत सोडत आणि परत जात. घ्यायला येत तेव्हा रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली उभ्या राहून हाक मारत.

आता पावसाळ्याआधी खताची पोती यायची होती आणि सोसायटीच्या अध्यक्षांना, भैय्याजींना, कोठार परत हवे होते. भंडाऱ्याहून साहेब पाहणी करून जाणार, खरोखर कुटुंबे येत असतील तर चित्रघर राहील, नुसता मुलांचा खेळ असेल तर खत येईल, असे ठरले होते. साहेब उद्या, सोमवारी, सकाळी येणार होते.

“ऐका,” केशवराव मुलांना म्हणाले. “उद्या घरी कोणीच नाही राहाचं. आईले आणा, बापाले आणा, आजीले आणा.”

“माहा बाप नाही येत,” एक मुलगा म्हणाला. “थो म्हणते, मास्तर रिटायर झाला, आपण थोडी झालो.”

मुले हसली. केशवरावही या वेळी हसले.

“अन तुझी आई, तुळसा?”

“माही आई म्हणते, मी येऊन काय करू? मले काय चित्र येते?”

“माही आजी बी हेच म्हणते,” श्रावण म्हणाला. त्याने आजी काढली होती, मांडीवर रेशमाच्या कोशाचा धागा वळताना. धागा चौकोन ओलांडून शेजारच्याच्या चित्रात गेला होता आणि त्यावरून दोन रविवार भांडण चालले होते.

एवढी वर्षे मुलांना चित्र येते हे पटवण्यात गेली होती. मोठ्यांना पटवायची तऱ्हा त्यांच्याकडे नव्हती.

“घरी एवढंच सांगा,” ते म्हणाले, “का उद्या चित्रघरात पाहुणे येऊन राहिले.”

घरी सुशीलाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. कोठाराची किल्ली केशवरावांनी नेहमीच्या खिळ्याला अडकवली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसले.

“किती जण येतील म्हणता?” सुशीलाबाईंनी विचारले.

“पाच आले तरी पुष्कळ. नाही आले तर साहेबाले भिंत दाखवतो. अर्जात लिहिलंच आहे, कुटुंबातील माणसे भिंतीवर चितारलेली आहेत, प्रत्यक्ष पाहावे.”

“भिंतीवरची माणसं चालतात का त्याईले?”

“चालावी. नाही तर दुसरं काय आहे माझ्यापाशी?”

सुशीलाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“बोलावलं कसं तुम्ही? घरोघरी गेलते का?”

“पोट्ट्याईसंग निरोप देला. पाहुणे येऊन राहिले म्हणून.”

सुपाचा आवाज थांबला. सुशीलाबाईंनी वर पाहिले.

“असं सांगतलं? मंग येतील,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या.

सकाळी केशवरावांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि सात वाजता बस स्टँड गाठला. भैय्याजी आधीच आले होते. चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर एक पाय वर घेऊन ते बशीतून चहा पीत होते.

“या मास्तर. चहा घ्या. आज भांडाचं आहे, तोंड ओलं पाहिजे.”

“मी कायले भांडू? तुमचं कोठार, तुमचं खत.”

“तसं नाही मास्तर. तुमचं काम वाईट आहे असं मी म्हणतलं का? माही कुंदी बी येते तुमच्याकडे. घरात दिवसभर कोळसा घेऊन फिरते. पण मले सांगा, पोते पावसात भिजले त धानाले काय घालू? चित्र?”

टपरीवाला हसला. केशवरावांनी चहा घेतला. भैय्याजींचे म्हणणे खोटे नव्हते आणि हीच अडचण होती. मागच्या पावसाळ्यात चौतीस पोती भिजून दगड झाली होती, हे सगळ्या गावाला माहीत होते.

भंडाऱ्याची बस पावणेआठला आली. साहेब जीपने येतील या हिशोबाने भैय्याजी रस्त्याकडे पाहत राहिले, आणि बसमधून उतरलेला खादीच्या सदऱ्यातला उंच, सडसडीत माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मी नंदेश्वर. केशवराव कोण?”

तिघे चालत निघाले. नंदेश्वर साहेब कमी बोलत. मुले किती, वयोगट कोणता, मुली किती, असे विचारत आणि उत्तर मिळाले की मान हलवत. कडुनिंबापाशी पोचल्यावर त्यांनी विचारले, “पालक येतात?”

“बोलावले आहेत,” केशवराव म्हणाले.

कोठाराचे दार सताड उघडे होते. आतून आवाज येत होते.

“अवं, वरतं राहिलं न तिथं! दिसत नाही का तुले?”

“मी काय ताडाचं झाड आहो?”

“मंग नवऱ्याले बोलाव. थो आहे ताड.”

“थो ताड आहे, पण ताडाले काम सांगतलं त थो हलते का?”

हशा झाला. केशवराव पुढे झाले आणि उंबऱ्यापाशीच थांबले, कारण जमीन नुकतीच शेणाने सारवलेली होती आणि अजून ओली होती. मग त्यांनी वर पाहिले.

भिंत पांढरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत, ओल्या पांढऱ्या मातीचा पोतारा दिलेला होता. अकरा बाया भिंतीशी उभ्या होत्या. कोणी पदर खोचलेला, कोणाच्या कोपरापर्यंत माती, कोणाच्या गालावर पांढरी बोटे. मधोमध मातीचे घमेले होते. नंतर आलेली मुले चटईवर ओळीने बसवलेली होती आणि सारवण वाळेपर्यंत उठायचे-बोलायचे नाही असा त्यांना दम दिलेला दिसत होता. एका बाजूला सुशीलाबाई स्टूल धरून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा स्टुलावर चढलेल्या बाईच्या पायांकडे पाहू लागल्या.

केशवरावांचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच राहिला.

“आले वं गुरुजी!” गिरजाबाई म्हणाली. श्रावणची ही आजी साठीची होती आणि तिचा आवाज हातमागाच्या खटक्यांवरून बोलून बोलून मोठा झाला होता. “गुरुजी, आत नका येऊ, जमीन वाळून राहिली. झालंच आता. साहेब कवा येऊन राहिले?”

“साहेब आले,” केशवराव म्हणाले.

बायांनी उंबऱ्याकडे पाहिले, मग उंच माणसाच्या मागे रस्त्यावर पाहिले, आणि जीप नाही हे पाहून पुन्हा उंच माणसाकडे. एकदम सगळ्यांचे पदर डोक्यावर गेले. पांढऱ्या बोटांचे ठसे पदरांवर उमटले.

“बाप्पा! हेच का?” कोणीतरी पुटपुटले.

नंदेश्वर साहेबांनी चपला काढल्या. भिंतीच्या विरुद्ध बाजूने, जिथे सारवण वाळत आले होते, ते जपून पावले टाकत चटईपर्यंत गेले आणि मुलांच्या शेजारी बसले. पिशवीतून त्यांनी कागद काढला.

“तुमच्या अर्जात भिंतीवरच्या चित्रांचा उल्लेख आहे. प्रत्यक्ष पाहावे, असं लिहिलं आहे.”

“हो.”

“कुठे आहेत?”

भैय्याजींनी केशवरावांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे केशवरावांना नंतर आठवले. भिंतीशी उभ्या असलेल्या बाया वाट पाहत होत्या. भिंत कशी झाली हे कोणी तरी म्हणेल, याची ती वाट होती.

“पाहुणे येणार होते,” केशवराव म्हणाले. “म्हणून भिंत पोतली.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिले, मग कागदाकडे. “अच्छा,” एवढेच म्हणाले.

भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एक बाई अजून बसून काम करत होती. ती बौद्ध मोहल्ल्यातली मंगलाबाई, तुळसाची आई. पोतारा संपला की खालच्या कडेला ओल्या मातीत बोटांनी रेघा ओढायच्या, हे घरी केल्यासारखे तिने इथेही सुरू केले होते. चार बोटे टेकवायची, मनगट वळवायचे, कमान काढायची, पुन्हा टेकवायची. तिची बोटे जिथून गेली तिथून खालचा हिरवा रंग वर आला.

“आई!” तुळसा ओरडली आणि दम विसरून चटईवरून उठली. “आई, ते परे आहेत! तू माह्या चित्रावर बोटं फिरवली!”

“कोणतं चित्र?”

“माहं! तिथं तू होती न!”

मंगलाबाईने हात मागे घेतला आणि रेघांकडे वाकून पाहिले. “मी?”

“रोवणा करून राहिली होती. वाकून.”

“अन मी?” गिरजाबाईने श्रावणला विचारले. श्रावणने भिंतीच्या मधल्या भागाकडे बोट केले. मग सगळी मुले बोलू लागली. माही आई तिथं होती, पोळ्या करत होती. माही मावशी तिथं, तेंदूपत्ता तोडत होती. भैय्याजींच्या कुंदाने उठून आपल्या आईचा, रत्नाबाईचा, पदर ओढला आणि ती जिथे उभी होती तिथेच भिंतीला हात लावून दाखवला. “तू इथं होती. मिरच्या निवडत होती.”

कोणीतरी हातातले पोतेरे घमेल्यात सोडले.

मंगलाबाईने तोंडावरचा घाम दंडाने पुसला. “मंग बरं झालं,” ती मुलीला म्हणाली. “कवापासून वाकून होती मी. कंबर तरी सरळ होईन.”

आधी सुशीलाबाई हसल्या, मग सगळ्याच हसल्या. नंदेश्वर साहेबांनी कागदाआड तोंड नेले.

“वाईट नका वाटून घेऊ गुरुजी,” गिरजाबाई म्हणाली. ती माफी मागत नव्हती, समजावून सांगत होती. “चित्र दिसले होते आम्हाले. पण कसं आहे, नागपंचमीले मी घरी नाग काढतो. दिवाळीले पोतून टाकतो. चित्र त दरसाल जाते जी. भिंत राहते. पोट्टे काढतील न आणखी.”

केशवरावांच्या घरी लोखंडी पेटीत एकतीस वर्षांची निवडक चित्रे होती, वर्षवार, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. त्यांनी सदऱ्याच्या बाहीचे बटण उघडले आणि पुन्हा लावले.

“बाई,” साहेबांनी रत्नाबाईला विचारले, कारण ती सगळ्यांत जवळ होती, “तुम्ही सगळ्या इथे नेहमी येता?”

“नाही जी. आजच आलो.”

“याआधी कधीच नाही?”

“कायले येऊ? आम्हाले थोडी चित्र येते. पोरगी म्हणे पाहुणे येऊन राहिले. मंग सकाळी पाहून घेतलं त भिंतीचे पार बाराच वाजले होते. अशा भिंतीसमोर बसवता का पाहुण्याले?”

केशवराव खाली पाहू लागले. साहेबांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि पेनाला टोपण लावले.

“मला खरं तेच लिहावं लागेल केशवराव. पालक आज प्रथमच आले. आणि कामही दाखवायला शिल्लक नाही.”

“हो,” केशवराव म्हणाले. “तेच लिहा.”

“म्हणजे कोठार सोसायटीले परत,” भैय्याजी म्हणाले. ते मोठ्याने बोलले नाहीत. “आठ-दहा रोजात पोते येतील. तोवर मास्तर, तुमचं सामान हळूहळू न्या. बैलबंडी पाठवतो.”

“कोणते पोते?” रत्नाबाईने विचारले.

भैय्याजींनी बायकोकडे आता नीट पाहिले. ती इथे असेल हे त्यांना सकाळी घरातून निघताना माहीत नव्हते.

“खताचे. आणखी कोणते?”

“इथं?”

“इथंच त. साहेब त्याच्याचसाठी आले.”

“अन भिंत?”

“भिंतीचं काय?”

“पोते भिंतीले टेकवाल न तुम्ही? टेकवलं का माती निघाली. अन खताचं पाणी सुटते ते येगळंच.”

“अवं, भिंत काय आपल्या घरची आहे?”

“पोतली न मी,” रत्नाबाई म्हणाली.

तिने ते भांडणाच्या आवाजात म्हटले नाही. माती संपत आली होती, तिला वरचा एक पट्टा पूर्ण करायचा होता. तिने मंगलाबाईकडे हात केला. मंगलाबाईने आपल्यापुढचे घमेले तिच्याकडे सरकवले आणि रत्नाबाईने त्यात कोपरापर्यंत हात घालून पोतेरे भिजवले. भैय्याजी ते घमेले, तो हात आणि पोतेरे भिंतीवर जाईपर्यंत पाहत राहिले. बाकीच्या बायाही पाहत होत्या, भैय्याजींकडे.

“सकाळी सहापासून आम्ही अकरा जणी लागलो,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “याच्या आईनं माती आणली, त्याच्या आजीनं शेण आणलं. अन तुम्ही दहा रोजात पोते आणून टेकवता. आणा. मी नाही म्हणत नाही. पण मंग घरी पोळ्याले, दिवाळीले भिंती कोण पोतते ते बी सांगून ठेवा. मले त बाप्पा मग काही हाऊस नाही राहणार.”

गिरजाबाईने पदर तोंडाशी नेला. भैय्याजींनी टोपी काढली, आतून पाहिली, डोक्यावर ठेवली.

“साहेब,” ते शेवटी म्हणाले, “खताचं म्हणजे, तसं, माह्या गुरांच्या कोठ्याची एक बाजू रिकामी आहे. पत्रे टाकले त पाणी नाही येणार.”

“टाका न मग,” रत्नाबाई भिंतीला म्हणाली.

“टाकतो.”

“म्हणजे सोसायटीची हरकत नाही, असं लिहू?” साहेबांनी विचारले.

“लिहा.”

नंदेश्वर साहेबांनी पेनाचे टोपण पुन्हा काढले. आधीच्या दोन ओळी त्यांनी खोडल्या नाहीत. त्याखाली लिहू लागले आणि लिहिताना वर पाहून बाया मोजल्या. स्टूल धरणाऱ्या सुशीलाबाईंना मोजावे की नाही असा त्यांना प्रश्न पडला असावा, कारण त्यांच्यापाशी नजर थांबली आणि मग पुढे गेली.

“एक वर्ष,” ते म्हणाले. “पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा येईन. येण्याआधी कळवीन.”

“कळवाच,” मंगलाबाई म्हणाली. “माती भिजवाले दोन रोज लागतात.”

दहाच्या बसला साहेब गेले. भैय्याजी त्यांना सोडायला गेले आणि तिकडूनच कुठेतरी पत्रे पाहायला निघून गेले. बाया हात धुऊन, मुलांना हाताला धरून, आपापल्या घरी चालत्या झाल्या. जाताना दोघी-तिघी चटईवर टेकल्या, पाय सरळ करण्यापुरत्या. गिरजाबाई तेवढी मागे राहिली. तिला घमेले घासायचे होते.

केशवराव वाळलेल्या जमिनीवरून भिंतीपर्यंत गेले. सुशीलाबाई स्टूल कोपऱ्यात ठेवत होत्या.

“किल्ली तू देली?”

“तुम्ही आंघोळीले गेलते तवा मागतली.”

“तुले त माहीत होतं, भिंतीवर काय आहे ते.”

“मी चूल आटोपून आली तोवर अर्धी झाली होती.”

“अर्धी उरली होती. थांबवाचं.”

सुशीलाबाईंनी स्टुलावरची माती नखाने खरवडली. “सहा महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “त्याईले काय सांगू? हात लावू नका, बाहेर व्हा?”

केशवराव भिंतीकडे वळले. दाराबाहेर ऊन चढले होते आणि खिडकीतून त्याचा एक पट्टा भिंतीवर आला होता. माती वाळत होती. ओली असताना ती दाट दिसली होती. वाळल्यावर पातळ झाली. जिथे ऊन होते तिथे खालचे रंग वर येऊ लागले होते. आधी नीळ, मग कोळसा. एक वाकलेली पाठ. एका बाईच्या मांडीवरून निघून शेजारच्या चौकोनात गेलेली रेघ. केशरी ज्वाला, तव्याचा गोल. माणसे धुक्यातून चालत यावीत तशी एकेक करून येत होती. आणखी तासाभरात अर्धीअधिक भिंत ओळखू येणार होती.

केशवरावांनी खिशातून चष्मा काढून लावला.

गिरजाबाई धुतलेले घमेले उपडे घालून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनेही वर पाहिले. तिचा चेहरा उतरला.

“हे पाहा. डाग वर येऊन राहिले.”

केशवराव भिंतीकडे पाहत राहिले.

“माती कमी पडली न. घाई झाली आमची,” ती म्हणाली. “गुरुजी, दुसरा हात मारावं लागते. एका हातानं नीळ दबत नाही. म्हणत असान त उद्या येतो आम्ही साऱ्या. नाही त राहू द्या, पोट्टे काढतीलच वरतून.”

ती पदराने हात पुसत थांबली. बाहेर कडुनिंबाखाली तिची वाट पाहत उभा असलेला श्रावण तिला हाका मारत होता. भिंतीवरच्या उन्हाचा पट्टा हातभर सरकला होता आणि त्यात मिरच्यांचा लाल ढीग दिसू लागला होता.

केशवरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“हो,” ते म्हणाले, “डाग दिसून राहिले. या उद्या.”

“किती वाजता येऊ?”

“सकाळी सहालाच या. मंग ऊन लागते.” आणि ती उंबऱ्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी मागून सांगितले, “माती किती आणाची ते सांगून ठेवा. मी भिजवून ठेवतो.”